सर्व्हर नंतर बघा, आधी तो चालवणारा बघा

वेंगुर्ल्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला मी खडपात उतरून शिंपले, खेकडे, समुद्रगोगलगायी यांचे फोटो काढतो आणि त्यावर मराठीत चार ओळी लिहितो. मॅस्टोडॉनवर यायचं ठरवलं, पण खातं उघडायला गेलो तर शेकडो सर्व्हरांची यादीच पुढे आली. मराठी सर्व्हर शोधू, निसर्गवाल्यांचा घेऊ, सगळ्यात मोठ्यावर जाऊ, की स्वतःचाच काढू? बायकोचा कोकम-आगळाचा घरगुती धंदा आहे, तिचंही खातं तिथंच चालेल का?"

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. नवख्यांसाठी एवढंच: मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच समाजमाध्यम, पण ते एका कंपनीचं नाही. वेगवेगळी माणसं आपापले सर्व्हर चालवतात, आणि आपलं खातं त्यातल्या एकावर असतं.

मी रत्नागिरीत असते, लोकांचे सर्व्हर सांभाळणं हेच पोटापाण्याचं काम. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि भारतातून मॅस्टोडॉनकडे मोठी लाट आली. त्या लाटेत मीही वाहत आले. पुढच्या वर्षी हौस म्हणून ओळखीच्या तीसेक माणसांसाठी स्वतःचा छोटा सर्व्हर काढला, आणि २०२३ मध्ये तो मीच रीतसर बंद केला. म्हणजे या प्रकरणात मी भाडेकरूही होते आणि घरमालकीणही.

आधी तुमची एक भीती काढून टाकते. सर्व्हर चुकला म्हणून तुम्ही कुणाला मुकणार नाही. हे सगळे सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाची एकच बोली बोलतात. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं तिला मानक म्हणून मान्यता दिली. तुम्ही एका सर्व्हरवर, मी दुसऱ्या, तिसरा फोटोवाल्या पिक्सेलफेडवर, तरी एकमेकांना फॉलो करता येतं, उत्तर देता येतं. वाडी कुठलीही असो, आठवडा बाजार सगळ्यांचा एकच. पण घरपट्टी तुम्ही एकाच ग्रामपंचायतीत भरता, आणि घराचा उतारा तिच्याच कपाटात असतो. सर्व्हर निवडणं म्हणजे ती ग्रामपंचायत निवडणं. गावाचं नाव किती छान आहे ते नका बघू. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, ते बघा.

हे मी कुठून शिकले ते सांगते, कारण ते शिकवणाऱ्या चुका माझ्याच आहेत.

माझं मशीन सुरुवातीला माहेरी, मालवणला माळ्यावर ठेवलेलं होतं. जुना डेस्कटॉप, खाली इन्व्हर्टर, वर भावानं प्लास्टिक बांधलेलं, कारण त्या कोपऱ्यात कौलं गळायची. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. माड आडवे, खांब आडवे. इन्व्हर्टरनं चार तास काढले आणि तोही गेला. आमच्या वाडीत वीज आली नवव्या दिवशी. आता मॅस्टोडॉनचं असं आहे की एखादा सर्व्हर उत्तर देत नसला तर दुसरे सर्व्हर काही काळ पुन्हा पुन्हा पोस्ट पोहोचवून बघतात, मग ती पोस्ट सोडून देतात. आणि सलग सात दिवस पोहोचवणं फसलं तर तो सर्व्हर मेला असं धरून पाठवणंच थांबवतात, त्याच्याकडून पुन्हा काही येईपर्यंत. नवव्या दिवशी मशीन सुरू झालं, सगळ्यांची खाती शाबूत होती. मधले नऊ दिवस मात्र कोरे. बाहेरगावची माणसं आमच्या लोकांना "बरे आहात ना?" विचारत होती, त्यातली बहुतेक हाक आमच्यापर्यंत आलीच नाही.

मग मी शहाणी झाले आणि सगळं उचलून भाड्याच्या सर्व्हरवर नेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्डातून आपोआप पैसे वळते होण्याचे नियम बदलले. भाडं वळतं झालं नाही. आठवणीची मेल आली, पण ती कुठल्या पत्त्यावर? त्याच डोमेनवरच्या, मी कधी न उघडणाऱ्या पत्त्यावर. आणि मी गावी भातकापणीला. सर्व्हर बंद पडला तेव्हा तीस माणसांपैकी एकाकडेही पासवर्ड नव्हता, कारण मी कुणाला दिलाच नव्हता. दीड दिवस गेला, नुकसान झालं नाही. पण त्या दीड दिवसात मला समजलं की या लोकांनी सर्व्हर निवडलेला नाही, त्यांनी मला निवडलंय, आणि मी शेतात आहे.

म्हणून पहिली चौकशी ही: चालवणारा एकटा आहे का? तो आजारी पडला, लग्नाला गेला, कंटाळला, तर दुसरी किल्ली कुणाकडे आहे? जॉइनमॅस्टोडॉन या अधिकृत संकेतस्थळाच्या यादीत यायचं तर सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात. वंशद्वेष, लिंगभेद वगैरेंवर प्रत्यक्ष कारवाई, रोजचा बॅकअप, तातडीच्या वेळी आत शिरू शकेल असं आणखी किमान एक माणूस, आणि बंद करायचा झाल्यास तीन महिने आधी सूचना. अटी उत्तम आहेत. पाळल्या जातात की नाही हे बरंचसं शब्दावर चालतं, तरी त्या यादीतला सर्व्हर आणि यादीबाहेरचा अनोळखी सर्व्हर यांत मी डोळे मिटून यादीतला घेईन.

तीन महिन्यांच्या सूचनेची किंमत बंद होण्याच्या वेळी कळते. मॅस्टोडॉन डॉट एलओएल हा हजारो लोकांचा सर्व्हर होता. चालवणारा भांडणांना विटला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यानं मे महिन्यात बंद करणार असं जाहीर केलं. लोकांना सामान हलवायला वेळ मिळाला. मोठं नाव पाठीशी असलं म्हणजे निश्चिंती, असंही समजू नका. मोझिला ही फायरफॉक्सवाली संस्था, तिनंही आपला सर्व्हर १७ डिसेंबर २०२४ ला बंद केला.

डोमेनच्या, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या, शेपटीकडेही एकदा बघा. डॉट एएफ ही शेपटी अफगाणिस्तानची. क्विअर डॉट एएफ नावाच्या सर्व्हरचं डोमेन फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या अमलाखालच्या मंत्रालयानं बंद केलं. डॉट एमएल ही मालीची, २०२३ च्या जुलैत तिथंही एका समूहाचा पत्ता असाच हातचा गेला. मॅस्टोडॉनमध्ये सर्व्हरचं नाव मागाहून बदलता येत नाही. पत्ता गेला की घर गेलं. नावात गंमत साधणारी शेपटी दिसली की ती कुठल्या देशाची आहे ते शोधून घ्या.

आता मराठी सर्व्हरबद्दल. तुम्हाला वाटतंय की मराठीत लिहायचं तर मराठी सर्व्हर हवा. लिहिण्यासाठी अजिबात नको. मॅस्टोडॉन अक्षरं मोजताना काना-मात्रा वेगळी धरत नाही, त्यामुळे नेहमीच्या ५०० अक्षरांत मराठी ऐसपैस बसते. करायचं एवढंच की सेटिंगमध्ये पोस्टची भाषा मराठी करून ठेवा. हे न केल्यानं माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या पोस्ट इंग्रजी म्हणून नोंदल्या गेल्या, आणि भाषेनुसार चाळणी लावून वाचणाऱ्या मराठी वाचकांना त्या दिसल्याच नाहीत.

भाषा अडते ती तक्रार आली की. आमच्याकडच्या एकानं, तो तेव्हा युरोपातल्या एका सर्व्हरवर होता, बऱ्याच दिवसांनी दिसलेल्या मित्राला लिहिलं, "मेल्या, खंय होतस इतके दिवस?" तुम्ही वेंगुर्ल्याचे, तुम्हाला यातली माया सांगायला नको. कुण्या तिसऱ्यानं तक्रार ठोकली. मॉडरेटरनं, म्हणजे सर्व्हरवरच्या तक्रारी तपासणाऱ्या माणसानं, यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, त्यात मरणाचा उल्लेख निघाला, आणि खातं गोठलं. यानं अपील केलं, दोन परिच्छेद इंग्रजीत लिहून मालवणीत 'मेल्या' हा शब्द आई पोरालाही म्हणते हे समजावलं. तीन दिवसांनी माफी मागून खातं सुरू झालं. मला विचाराल तर तो सर्व्हर वाईट नव्हता. वाईट तो, जिथं अपीलला उत्तरच येत नाही. याच्या उलट प्रकारही मी पाहिलाय: मराठीतली खरोखरची घाण शिवीगाळ आठवडाभर पडून राहते, कारण तपासणाऱ्याला ती वाचताच येत नाही.

तेव्हा सर्व्हरवरचे सगळे मराठी असण्याची गरज नाही. मॉडरेटरांत मराठी किंवा निदान हिंदी वाचणारं एक माणूस असेल तर बरं, आणि नसेल तर 'चुकलो' म्हणायची तयारी असलेली माणसं हवीत. हे बाहेरून कसं कळणार? अ‍ॅडमिनचं खातं उघडून त्याच्या मागच्या दोन-तीन महिन्यांच्या पोस्ट वाचा. तो लोकांना उत्तरं देतो का, सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा असला तर आधी सांगतो का, खर्चाचा हिशेब मांडतो का, की नुसती भांडणं करतो? अर्ध्या तासात माणूस कळतो. स्थळ बघायला गेल्यावर घराचं परसू बघतात ना, तसंच.

नियमही वाचा, पूर्ण वाचा. फॉसटोडॉन हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा नावाजलेला सर्व्हर. तिथं सार्वजनिक पोस्ट इंग्रजीतच लिहायच्या असा नियम बरीच वर्षं होता, कारण मॉडरेटरांना जे वाचता येत नाही त्याची जबाबदारी त्यांना घ्यायची नव्हती. माझ्या मते प्रामाणिक नियम. पण तुम्ही नियम न वाचता तिथं मराठी समुद्रगोगलगायी टाकल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात खटका उडाला असता.

सर्व्हरच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'अबाउट' लिहिलं की त्याचं माहितीचं पान उघडतं. नियम तिथं असतात, आणि बऱ्याच ठिकाणी या सर्व्हरनं कुणाकुणाला वाळीत टाकलंय त्याची यादी कारणांसकट असते. ती यादी म्हणजे त्या घराचा स्वभाव. अगदी रिकामी असेल तर कुणी झाडलोट करत नाही असं समजा, आणि कारण न देता शेकडो नावं असतील तर उद्या तुमचे मित्रही त्यात जाऊ शकतात. मेटाच्या थ्रेड्सला कुणी दार उघडं ठेवलंय, कुणी बंद केलंय. तुमचे नातेवाईक थ्रेड्सवर असतील तर तेवढं बघून घ्या.

त्याच पानावर तळाशी मॅस्टोडॉनची आवृत्ती लिहिलेली असते, ती माझ्यासारखी माणसं सगळ्यात आधी बघतात. १ फेब्रुवारी २०२४ ला ४.२.५ ही आवृत्ती आली, कारण दुसऱ्याच्या खात्याचं सोंग घेता येईल असं गंभीर भोक सापडलं होतं. जागे असलेले सर्व्हर तेव्हा तासाभरात अद्ययावत झाले. त्याच महिन्यात जाहिरातबाजीचा मोठा हल्लाही झाला, आणि तो आला कुठून? नोंदणी सताड उघडी ठेवून मालक निघून गेलेल्या छोट्या सर्व्हरांवरून. बाकीच्यांनी असल्या सर्व्हरांशी संबंध धडाधड तोडले. तिथं प्रामाणिकपणे लिहीत बसलेली चार माणसंही त्याबरोबर तुटली. त्यामुळे 'नोंदणीसाठी मंजुरी लागेल' अशी पाटी दिसली तर हिरमुसू नका. दाराला कडी आहे, म्हणजे आत कुणीतरी राहतं.

निसर्गवाल्यांचा सर्व्हर घ्यावा का? इकोइव्हो डॉट सोशल हा परिसंस्था आणि उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांचा आहे, गणितवाल्यांचा मॅथस्टोडॉन आहे, तिथं पोस्टमध्ये समीकरणं नीट दिसतात. असल्या जागेचा फायदा एकच, पण खरा: तिथली स्थानिक टाइमलाइन, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या पोस्ट एकापाठोपाठ दिसतात ती जागा. तुम्ही अनोळखी गोगलगायीचा फोटो टाकलात तर कुणालाही फॉलो न करता तो शे-दोनशे जाणकारांच्या नजरेखालून जातो. पण ती मंडळी बहुतेक संशोधक, लिहितात इंग्रजीत. तुमच्या मराठी ओळींवरून त्यांची नजर घसरेल. फोटोचं वर्णन, म्हणजे फोटोमागचा पर्यायी मजकूर, मराठीत आणि शास्त्रीय नाव लॅटिन लिपीत असं टाकलंत तर दोघांनाही सोय होते.

अगदी छोट्या सर्व्हरवर उलटी अडचण येते. दुसरीकडची पोस्ट तुमच्या सर्व्हरला सहसा तेव्हाच कळते जेव्हा तिथलं कुणीतरी त्या माणसाला फॉलो करतं. दहा माणसांच्या सर्व्हरवर तुम्ही 'समुद्रजीव' हॅशटॅग शोधलात तर चार पोस्ट दिसतील, मोठ्या सर्व्हरवर त्याच वेळी चारशे असतील. मजकुराचा शोध ४.२ या आवृत्तीपासून नीट चालतो, पण त्याला वेगळी जड यंत्रणा लागते, छोटे सर्व्हर ती बंदच ठेवतात. मीही ठेवली होती. आमचे लोक म्हणायचे, इथं कुणी नाहीच. माणसं होती, आमच्या खिडक्या लहान होत्या.

आणि मग सगळ्यात मोठा, मॅस्टोडॉन डॉट सोशल. २०१६ मध्ये ऑयगेन रोख्को यांनी मॅस्टोडॉन सुरू केलं, हा त्याच मूळ संस्थेचा सर्व्हर. शोध चांगला, आवृत्ती कायम नवी, उद्या सकाळी गायब होणार नाही. गर्दी मात्र फार, आणि तिथून येणाऱ्या जाहिरातबाजीला कंटाळून काही छोटे सर्व्हर त्याच्याशी संबंध मर्यादित ठेवतात. जुनी मंडळी त्याला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. मुंबईत नवा गेलेला माणूस पहिले दोन महिने दादरला मामाकडेच उतरतो, त्यात कमीपणा कसला?

कारण घर बदलता येतं. पण काय हलतं आणि काय नाही, हे आजच माहीत असू द्या. नव्या जागी खातं काढून आधी तिथं जुन्या खात्याची ओळख नोंदवायची, मग जुन्या खात्यातून 'स्थलांतर' करायचं. फॉलोअर आपोआप मागोमाग येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता, ज्यांना ब्लॉक केलंय, जे जपून ठेवलंय, त्या याद्या फाइलमध्ये उतरवून नव्या जागी चढवायच्या. पोस्ट मात्र येत नाहीत. त्यांची प्रत सात दिवसांतून एकदा मागवता येते, तेवढी संगणकावर उतरवून ठेवा. एकदा हललं की पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. आणि मुख्य म्हणजे हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच. मी माझा बंद केला तेव्हा चार महिने आधी सांगितलं, दर आठवड्याला आठवण केली, तरी शेवटच्या रात्री दोघांचे फोन आलेच.

तुमच्यासारख्या फोटोवाल्याला पोस्ट न हलणं जास्त बोचेल. म्हणून मूळ फोटो आणि ओळी स्वतःकडे तारीखवार फोल्डरात ठेवा, मॅस्टोडॉनला कपाट समजू नका.

खासगी निरोपांबद्दल एवढंच. ते कुलूपबंद नसतात, अ‍ॅडमिनला मनात आणलं तर वाचता येतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या एका अ‍ॅडमिनच्या घरावर एफबीआयनं छापा घातला. छापा वेगळ्याच प्रकरणात होता, पण सर्व्हरच्या माहितीचा उघडा बॅकअप त्यात सापडला आणि गेला. फोन नंबर, पैशाचे व्यवहार, कासवांच्या घरट्यांची नेमकी जागा असलं काही तिथं निरोपात लिहू नका.

स्वतःचा सर्व्हर काढू नका, निदान पहिलं वर्षभर नको. हौस मला कळते, मीच केलीय. मॅस्टोडॉन एका माणसासाठीही डेटाबेस, कामांच्या रांगा सांभाळणारा प्रोग्राम आणि दुसऱ्यांच्या फोटोंचा साठा असं सगळं बिऱ्हाड मांडतं. तो साठा वेळच्या वेळी साफ केला नाही तर डिस्क भरते. माझी गणपतीत भरली होती, आरती चालू असताना डेटाबेस थांबला. एकट्यापुरतं करायचंच झालं तर गोटूसोशल नावाचं हलकं सॉफ्टवेअर आहे, त्याकडे बघा. आणि दुसऱ्यांना खाती देणार असाल तर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम वाचा. तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं लागतं, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. वेंगुर्ल्यात ओहोटी गाठायची की पोच द्यायची, हे तुम्ही ठरवा.

वहिनींचं खातं वेगळं काढा, आणि शक्यतो वेगळ्या सर्व्हरवर. कित्येक सर्व्हर धंद्याच्या खात्यांना परवानगी देत नाहीत, काही देतात पण सारखी 'ऑर्डर घ्या' चालत नाही. अ‍ॅडमिनला आधीच विचारा. कोकम कसं वाळवतात, आगळाला मीठ किती, रातांबे यंदा उशिरा का आले, असं लिहिलं तर कुणी हरकत घेत नाही, आणि विचारणा आपसूक येते. भावाच्या बायकोचा अनुभव आहे.

तुमच्या जागी मी असते तर आज मॅस्टोडॉन डॉट सोशलवर खातं काढून भाषा मराठी केली असती, दोन पायऱ्यांचं लॉगिन लावलं असतं आणि दोन महिने नुसती माणसं जमवली असती. ज्यांच्याशी गप्पा रंगतात ती कुठल्या सर्व्हरवर आहेत ते बघत राहायचं. त्यातला मध्यम आकाराचा, दोन-तीन अ‍ॅडमिन असलेला एखादा हेरायचा आणि अ‍ॅडमिनला जाहीरपणेच विचारायचं, "मी मराठीत लिहितो, तक्रार आली तर काय कराल?" उत्तर आलं तर अर्ज करा. 'सामील का व्हायचंय' या चौकटीत लोक 'हॅलो' लिहून मोकळे होतात आणि नाकारले जातात. मी असे अर्ज रोज उडवायचे. तुम्ही दोन ओळी इंग्रजीत, दोन मराठीत लिहा, कुठल्या किनाऱ्यावर काय बघता ते सांगा. आणि येत्या पौर्णिमेच्या ओहोटीला काही मिळालं तर मलाही दाखवा, माझं नवं घर सध्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे आणि मी तिथं सुखानं भाडं भरते.